घसरलेल्या रेघेची डहाळी

प्रिय भिंगरी,

आधीच सांगते, हसायचं नाही. मला नवा स्मार्टफोन घ्यायचा आहे आणि त्यासाठी तुझा सल्ला हवा आहे. यंत्र म्हटलं की जिच्या कपाळावर आठ्या पडतात ती तुझी ताई परवा मोबाइलच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभी होती, हे वाचून तुला केवढा आनंद होणार ते मला इथे बसून दिसतंय. घे हसून एकदाचं. पण मग नीट वाच, कारण हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू केलंय, पहिली दोन फाडून टाकलीत. सकाळपासून बूड एका जागी टिकत नाहीये. चार ओळी लिहिते, उठते, दुकानाचं शटर उगाच वर-खाली करते, चहाचं आधण ठेवते, विसरते, भांडं करपल्याचा वास आला की धावते, पुन्हा येऊन बसते. कागदावर मध्येच कुठे कुठे डहाळ्या काढलेल्या दिसतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. हाताला चाळा म्हणून सोडून दे.

सगळ्यात आधी एक गोष्ट, नाहीतर मला पुढचं सुचायचं नाही. गेल्या महिन्यात तू मला चार वेळा फोन केलास आणि चारही वेळा तो कट झाला. सात महिने आपण बोललो नव्हतो, त्यात तू आपणहून फोन केलास, आणि मी तो धाडकन तोडला असं तुला वाटलं असणार. वाटणारच. चौथ्या वेळेनंतर तुझा मेसेज आला, 'ताई, बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण बरी आहेस ना एवढं सांग.' तो मेसेज मी किती वेळा वाचला ते विचारू नकोस. भिंगरी, मी तुझे फोन तोडले नाहीत. आईची शपथ. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून झडप घालत होते. हिरवं बटण उजवीकडे सरकवायला जायची, आणि ते भलतीकडेच पळायचं, डावीकडे, लाल. मग नुसता काळा चौकोन आणि त्यात माझं तोंड.

तर हा सगळा फोनचा दोष, असं मी ठरवून टाकलं. तसा तो म्हाताराही झालाय. चार वर्षांपूर्वी तू एकटीने कोरलेली पहिली मोठी बक्षिसाची ढाल विकली गेली आणि तिच्या पैशातून तू तो माझ्यासाठी आणलास. मला समोर बसवून शिकवलंस, उजवीकडे सरकवलं की बोलायचं, डावीकडे गेलं की कट. मी चुकले की कपाळाला हात लावायचीस. मी तुला कोरणी धरायला शिकवताना जेवढी ओरडले होते त्याचं सगळं उट्टं तू त्या एका दुपारी काढलंस. आता महिनाभर तो माझ्याशी वैर धरल्यासारखा वागतोय. एका बोटाने एक नाव दाबावं तर दुसऱ्यालाच फोन जातो. ढालींचं लाकूड देणाऱ्या सुताराला मी एका आठवड्यात सहा वेळा फोन लावला. शेवटी बिचारा घाबरून विचारायला आला, 'ताई, माझं काही चुकलंय का? लाकूड ओलं निघालं का?' मी आपलं म्हटलं, नाही रे बाबा, सहज चौकशी. तो चहा पिऊन गेला, पण जाताना माझ्याकडे जरा विचित्रच बघत गेला.

तुला उलट फोन लावता आला नसता का, असं तू म्हणशील. दोनदा प्रयत्न केला. एकदा सुतार, एकदा गॅसवाला. तिसऱ्यांदा कुणाला सांगून लावून घेता आला असता. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातली बाई सारखी डोकावत असते, तिला नुसतं म्हणायचा अवकाश होता. म्हटलं नाही. खरं सांगायचं तर फोन बिघडलाय म्हटल्यावर मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं. तुझ्याशी काय बोलायचं हे माझं मलाच ठरत नव्हतं.

मग दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने फोन उलटा-सुलटा केला, स्वतःच्या अंगठ्याने दहा वेळा सरकवून दाखवलं आणि म्हणाला, 'ताई, स्क्रीन एकदम झकास आहे. एवढ्यात काही होत नाही याला.' मला वाटलं, याला काही येत नाही. हट्टाने काच बदलून घेतली. नवी काच, तोच ताल. मग म्हटलं आतलं काहीतरी गेलं असेल, आता नवाच घेऊ. आणि तिथून माझा जो जीव टांगणीला लागलाय तो अजून खाली उतरलेला नाही.

तुला माहीत आहे मी कशी आहे. बाबांच्या वेळची पक्कड बदलायला मला दोन वर्षं लागली होती. तर मी किंमत काढायला बसले. पाकिटातली नव्हे, ती एका बैठकीत ठरते, परवडतं किंवा परवडत नाही. बाकीची. जुना फोन दिला तर त्याचे किती येतील म्हणून विचारलं, तर आपण एका साध्या चषकाखाली नावाची पट्टी बसवायचे जेवढे घेतो त्याहूनही कमी. म्हणजे तू दिलेली वस्तू मी त्या भावात देऊन टाकायची. त्यात चार वर्षांतल्या आपल्या कामांचे फोटो आहेत, प्रत्येक ढाल, प्रत्येक पदक, दुकानातून जाण्याआधी खिडकीच्या उजेडात काढलेलं. ते सगळे नव्यात जातात म्हणे, एका दमात. पण कोपऱ्यातला तो तडा जात नाही, तू हसता हसता हातातून पाडलास तेव्हाचा. तो मला अंगठ्याला लागतो आणि बरं वाटतं. शिवाय पुन्हा सगळं शिकायचं, आणि कपाळाला हात लावणारी समोर नाही. मी चालत बाजारापर्यंत जायची, काचेतून बघायची आणि परत यायची. एका दिवशी तीनदा. चष्मेवाली म्हणाली, 'अहो ताई, फोन घेताय की स्थळ बघताय?'

दुकानाचं विचारशील तर दुकान चालू आहे. शाळांच्या ढाली आल्या, बँकेच्या दारावरच्या पितळी पाट्या झाल्या, बुद्धिबळवाल्यांचे चषक गेले. माझ्या कामाचं हल्ली फार कौतुक होतंय. म्हणतात, ताई, तुमच्या अक्षरांभोवती आता काय सुंदर डहाळ्या असतात, पूर्वी नुसती कोरडी नावं असायची. एका शाळेच्या बाईंनी तर मुद्दाम सांगून पाठवलं, गेल्या वेळेसारख्या डहाळ्या हव्यात. मी मान डोलावली.

तुला कळलं ना? तुला एव्हाना कळलंच असेल. बाकी सगळ्या जगाला डहाळी म्हणजे नक्षी. बाबांच्या हाताखाली शिकलेल्या आपल्या दोघींनाच माहीत आहे की आपल्या दुकानात कोरणी घसरली की त्या रेघेची डहाळी करायची. धातूवरची रेघ पुसायची तर सगळं कामच घासून काढावं लागतं, म्हणून तिला दोन पानं काढायची, जणू ती तिथे असायचीच होती. बाबा गिऱ्हाइकासमोर एक शब्द बोलायचे नाहीत, पण संध्याकाळी काम हातात घेऊन डहाळ्या मोजायचे. तू शिकत होतीस तेव्हा तुझ्या पट्ट्यांवर अक्षरांपेक्षा झाडीच जास्त असायची, आणि मी तुला चिडवायची, नाव लिहितेयस की बाग लावतेयस. माझ्या कामात वर्षाला एखादी डहाळी. त्याचा केवढा तोरा होता मला! या महिन्यात बुद्धिबळवाल्यांच्या नऊ चषकांवर एकतीस झाल्या. मी मोजल्या. कोरणीला धार नाही म्हणून नवी कोरणी घेतली. पितळ हलक्या प्रतीचं येतं म्हणून दुकानदाराशी भांडले. बाकाचा पाय डुगडुगतो म्हणून त्याच सुताराला बोलावून पाय बसवून घेतला. तो म्हणाला, पाय तर घट्टच आहे.

शेवटी परवा मोबाइलच्या दुकानात शिरलेच. काउंटरवर एक गोड मुलगी होती, चष्मा लावलेली. तिने घाई केली नाही. मी तिला म्हटलं, मला बाकी काही नको, कॅमेरा नको, गाणी नकोत, मला फक्त आलेला फोन उचलता आला पाहिजे. ती हसली, म्हणाली, 'काकू, एवढंच ना?' नवा कोरा फोन माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःच्या फोनवरून त्याला फोन लावला. वाजला. मी बोट ठेवलं, उजवीकडे न्यायला गेले. कट. तिने पुन्हा लावला. कट. तिसऱ्यांदा तिने फोनकडे पाहिलंच नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. मग काउंटरच्या या बाजूला आली, माझं कोपर धरून काचेवर टेकवलं, माझ्या मनगटाखाली स्वतःचा तळवा ठेवला आणि म्हणाली, 'आता सरकवा.' सरकला. कानाला लावला तर फोनमधून आणि शेजारून असा तिचाच आवाज दोनदा ऐकू आला, 'हॅलो काकू.' मग हळूच म्हणाली, 'काकू, फोन नवाच आहे हो. माझ्या आजोबांचं असंच होतं. डॉक्टरांना दाखवलंत का?' मला इतका राग आला! एवढीशी पोर आणि मला शिकवतेय. धन्यवादसुद्धा न म्हणता बाहेर पडले, रस्ता ओलांडला, आणि पलीकडच्या पायरीवर बसून रडले. भर दुपारी, लोकांच्या देखत.

म्हणजे नव्या फोनची जी खरी किंमत मी महिनाभर काढत होते ती ही होती. नवा फोन घेतला की दोष द्यायला जुना उरत नाही. काच बदलली, कोरणी बदलली, पितळाला शिव्या घातल्या, बाकाचा पाय बसवला. आता उरलं कोण? डॉक्टरांकडे काल जाऊन आले. त्यांनी कागदावर एक गोल काढायला लावला. पन्नास वर्षांपूर्वी पाटीवर काढला असेन त्याहून वाकडा निघाला. हाताला कंप आहे म्हणाले. जिवाला धोका नाही, गोळ्यांनी थोडा आटोक्यात राहील, आणखी एका मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मी विचारलं, आणि कोरणी? ते चिठ्ठी लिहीत राहिले. मग म्हणाले, 'बारीक काम आता दुसऱ्या कुणाला देता येईल का बघा.' मी चिठ्ठी घडी करून पिशवीत टाकली. दुसरं कोण आहे?

आता थांबले होते. उठून दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. हे पुढचं लिहिण्यासाठीच बसले होते सकाळपासून, आणि त्याच्याच अवतीभवती घिरट्या घालतेय. ते चांदीचं तबक. इस्पितळातल्या मेट्रनबाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या नर्सेसनी वर्गणी काढून आपल्याकडे करायला दिलेलं. काठावरची वेल तुझी होती, आणि मधलं नाव माझं, कारण चांदीवरचं नाव मोठीनेच कोरायचं हा आपल्या घरचा नियम. ज्या दिवशी ते न्यायचं होतं त्या सकाळी तिघीजणी ड्यूटीच्या आधी अर्धा तास लवकर आल्या. कापड काढलं तर शेवटच्या अक्षरापासून निघालेली एक रेघ अख्ख्या नावावरून आडवी गेलेली. त्यांच्यातली एक 'अगं बाई' म्हणाली. आणि मी, भिंगरी, तुझ्यादेखत, परक्या बायकांसमोर म्हणाले, 'धाकटीने हात लावला वाटतं. हल्ली हिचं लक्ष सगळं त्या लेसर मशीनकडे.' तू तबकाकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. आणि म्हणालीस, 'हो, माझ्याकडून झालं. दुपारपर्यंत नीट करून देते.' त्या गेल्या, तू दिवसभर मान वर न करता ते नाव घासून पुन्हा कोरलंस, आयुष्यात पहिल्यांदा चांदीवर नाव, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं झालं. आठव्या दिवशी तू लेसरने नावं कोरणाऱ्या त्या मशीनवाल्यांकडे नोकरी धरून गेलीस. दारात म्हणालीस, 'ताई, हाताची काळजी घे.' मला वाटलं टोमणा मारतेयस.

ती रेघ आदल्या दिवशी माझ्या हातून गेली होती. मला माहीत होतं. ती गेली आणि मी गारठलेच. म्हटलं सकाळी कुणी यायच्या आत घासून काढू, म्हणून कापडात गुंडाळून ठेवलं. त्या लवकर आल्या आणि माझ्या तोंडातून तुझं नाव निघून गेलं, डोक्याच्या आधी. आणि एकदा निघालं ते सात महिन्यांत परत घेता आलं नाही. सगळ्यात लाज याची वाटते की मी खोटंसुद्धा धड बोलले नाही. माझी कोरणी उजव्या हातात, पुढे ढकलताना घसरली की रेघ डावीकडे पळते. तू डावखुरी, तुझी घसरलेली रेघ नेहमी उजवीकडे. ती रेघ उजवीकडून डावीकडे गेलेली होती. बाबांच्या हाताखाली महिनाभर बसलेल्या कुणालाही एका नजरेत कळलं असतं, आणि तू तर पंधरा वर्षं बसलीस. म्हणजे तुला त्या क्षणी माहीत होतं की ती माझी आहे, आणि हेही माहीत होतं की मला ते माहीत आहे. तरी त्या बायकांसमोर तू माझं नाक शाबूत ठेवलंस. तुला माझा हात माझ्याआधी दिसला होता. म्हणूनच फोन करत होतीस ना? चार वेळा, बरी आहेस ना हे विचारायला. आणि मी इथे तू दिलेल्या फोनला दोष देत बसले होते.

मी फोन घेतला नाही. तुझाच ठेवलाय, तड्यासकट. ढालींचं जुनं कपाट सुताराकडून भिंतीकडे सरकवून घेतलं, खिडकीखाली पाच फूट जागा मोकळी झालीय. मशीन केवढं असतं मला ठाऊक नाही. तू लगेच यावंस असं मी म्हणत नाही, तो हक्क मी घालवलाय. फक्त जागा आहे हे तुला माहीत असावं. त्या इस्पितळात जाऊन नर्सेसनाही सांगून आले, रेघ माझी होती म्हणून. त्यांना तबकच नीट आठवत नव्हतं. पण सांगितलं. आणि या पत्रातल्या डहाळ्या हाताचा चाळा नव्हेत, हे तू पहिल्या ओळीतच ओळखलं असशील. एकोणीस आहेत. बाबांसारख्या मोज. आता एवढंच कर. येत्या रविवारी दुपारी चार वाजता मी बाबांच्या बाकावर दोन्ही कोपरं टेकवून, फोन समोर ठेवून बसेन. तू पाचव्यांदा फोन कर. कट झाला तर तो हाताने केला, मी नाही. मग सहाव्यांदा कर. तोही गेला तर रागावू नकोस गं, सातव्यांदा कर.

तुझीच,
कोपरं टेकवून वाट बघणारी,
ताई